पेटीवरचा शेवटचा आकडा आणि बोधनिक मानसशास्त्राची बक्षिसं

न्हावा शेव्याच्या बंदरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं आणि सात आकडे रंगवलेले असतात. पहिली तीन अक्षरं मालक कंपनीची, चौथं बहुतेक वेळा 'यू', मग सहा आकड्यांचा अनुक्रमांक आणि शेवटी चौकटीत एकटा बसवलेला एक आकडा. हा शेवटचा आकडा माणसाच्या चुका पकडण्यासाठी ठेवलेला आहे. आंतरराष्ट्रीय मानक समजावताना नेहमी दिला जाणारा नंबर घ्या: सीएसक्यूयू ३०५४३८, आणि चौकटीत ३. अक्षरांना ठरलेल्या किमती द्यायच्या, प्रत्येक जागेला एक, दोन, चार, आठ अशा दुपटीने गुणायचं, बेरीज करायची. ती येते ६१८५. तिला अकराने भागलं की बाकी उरते ३. आता चेकरने घाईत ३०५४३८ ऐवजी ३०४५३८ लिहिलं, म्हणजे शेजारशेजारचे दोनच आकडे उलटे पडले, तर बेरीज ६२४९ होते आणि बाकी येते १. पेटीवर ३ आहे, हिशेबात १ येतोय, म्हणजे कुणीतरी चुकलंय. आता गेटवर कॅमेरे नंबर वाचतात, पण गंजलेल्या, चेपलेल्या पेटीपुढे कॅमेरा हात टेकतो आणि माणूसच लागतो.

बंदरातल्या या साध्या गोष्टीमागे जे शास्त्र आहे त्याला विद्यापीठात बोधनिक मानसशास्त्र म्हणतात. अवधान किती वेळ टिकतं, स्मृतीत एका वेळी किती मावतं, डोळा आणि कान कुठे फसतात, याचा अभ्यास. त्याची बक्षिसं कोणती, परिषदा कुठे भरतात, संघटनेचं सभासद होऊन हाती काय लागतं, हे प्रश्न उरण-पनवेलच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडतात तेव्हा त्याला उत्तरादाखल एक लांबलचक यादी मिळते. यादीतलं काय कामाचं आणि काय नुसतं भिंतीवर लावण्याजोगं, हे मात्र कुणी सांगत नाही. हा आढावा त्यासाठी.

सुरुवात परिषदांपासून करतो, कारण हे शास्त्र परिषदांतच जन्मलं. जॉर्ज मिलर यांचा 'सात, दोन कमी-जास्त' हा निबंध मानसशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात भेटतो. तो १९५६ मध्ये छापून आला, पण मुळात ते एक भाषण होतं: १५ एप्रिल १९५५ रोजी फिलाडेल्फियात ईस्टर्न सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या बैठकीत निमंत्रित वक्ता म्हणून केलेलं. पुढल्याच वर्षी सप्टेंबरात एमआयटीमध्ये माहिती-सिद्धांतावर परिसंवाद झाला. तिथे एकाच दिवशी, ११ तारखेला, न्यूएल आणि सायमन यांनी तर्क करणारा संगणकीय कार्यक्रम मांडला, चॉम्स्की यांनी भाषेवरचं काम मांडलं, मिलरही बोलले. बोधविज्ञानाची जन्मतारीख म्हणून मिलर हाच दिवस सांगत. नियतकालिकात छापायला वर्ष-दोन वर्षं जातात; परिषदेत तीन वेगळ्या शाखांची माणसं एका दुपारी समोरासमोर येतात. परिषदेला जायचं ते यासाठी. प्रमाणपत्र हा दुय्यम भाग.

याच शास्त्राची दुसरी नाळ थेट कामाच्या जागेशी जोडलेली आहे, आणि न्हावा शेव्यासाठी तीच जास्त जवळची. केंब्रिजला १९४४ मध्ये उपयोजित मानसशास्त्राचं एक केंद्र सुरू झालं. तिथे नॉर्मन मॅकवर्थ यांनी युद्धकाळातल्या रडार-पहारेकऱ्यांसाठी एक घड्याळ बनवलं. काटा ठरावीक टप्प्याने सरकत राहतो, क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारतो. ती उडी दिसली की बटण दाबायचं. दोन तासांच्या बैठकीत पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या निसटू लागल्या. त्याच केंद्रातल्या कॉनरॅड यांनी दाखवलं की डोळ्यांनी वाचलेली अक्षरंसुद्धा आठवताना कानाच्या वळणाने चुकतात: बी, पी, टी, व्ही यांची गल्लत होते. वॉकीटॉकीवर पेटीचा नंबर सांगणाऱ्याला हे कुणी शिकवायची गरज नाही. पुढे बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांना कळफलक शिकवताना पाहिलं की रोज एकच तास शिकणारे, रोज चार तास शिकणाऱ्यांपेक्षा कमी एकूण तासांत तयार होतात. आणि तरीही सगळ्यांत नाराज तेच होते, कारण त्यांचं प्रशिक्षण जास्त दिवस लांबलं! आपल्याकडे क्रेन ऑपरेटरचं प्रशिक्षण आठवड्यात कोंबायचं की महिनाभर पसरायचं, हे ठरवताना १९७८ चा हा निबंध समोर ठेवावा असं मला वाटतं.

आता बक्षिसं. मानसशास्त्राला नोबेल नाही, त्यामुळे बोधनिक मानसशास्त्रज्ञांना नोबेल मिळालं ते शेजारच्या दारातून. हर्बर्ट सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्रात, डॅनिएल कानेमन यांना २००२ मध्ये पुन्हा अर्थशास्त्रातच. कानेमन यांचे जोडीदार अमोस ट्वर्स्की तोवर सहा वर्षांपूर्वी वारले होते. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. मेंदूत जागेचं भान ठेवणाऱ्या पेशींच्या शोधासाठी जॉन ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ मध्ये मिळालं, ते वैद्यकशास्त्रात.

या शाखेचं स्वतःचं म्हणावं असं मोठं बक्षीस म्हणजे रुमेलहार्ट पुरस्कार. डेव्हिड रुमेलहार्ट यांच्या नावाने ग्लुश्को-सॅम्युएल्सन फाउंडेशनने तो सुरू केला, रक्कम एक लाख डॉलर, आणि तो कॉग्निटिव्ह सायन्स सोसायटीच्या वार्षिक परिषदेत दिला जातो. पहिला मानकरी २००१ मध्ये जेफ्री हिंटन. या हिंटनना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा जगभर त्यांचं नाव झालं; बोधविज्ञानाच्या मंडळींनी त्यांना तेवीस वर्षं आधी ओळखलं होतं. दुसरे मानकरी रिचर्ड शिफ्रिन, स्मृतीच्या टप्प्यांचं प्रारूप मांडणारे. आणि तिसरे, २००३ मध्ये, अरविंद जोशी.

हे नाव महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नाही, हे आपलं नवल. जोशी १९२९ मध्ये पुण्यात जन्मले, १९५० मध्ये पुण्यातूनच अभियांत्रिकीची पदवी घेतली, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काही काळ होते, मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉक्टरेट करून तिथेच आयुष्यभर शिकवलं. वाक्याची रचना छोट्या छोट्या झाडांच्या जोडणीतून कशी उभी राहते, याचं गणिती व्याकरण त्यांनी दिलं. संगणकीय भाषाविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पहिला जीवनगौरव २००२ मध्ये त्यांनाच मिळाला, फ्रँकलिन पदक २००५ मध्ये. २०१७ च्या ३१ डिसेंबरला फिलाडेल्फियात ते गेले.

पण मला त्यांचं जे काम न्हावा शेव्याच्या गेटवर रोज ऐकू येतं, ते मोठ्या बक्षिसाच्या भाषणातलं नाही. १९८२ मध्ये प्राग शहरात भरलेल्या संगणकीय भाषाविज्ञानाच्या परिषदेत वाचलेल्या काही पानांतलं आहे. विषय होता एकाच वाक्यात दोन भाषा मिसळणं, आणि जोशींनी नमुने घेतले होते मराठी-इंग्रजीचे. 'ट्रेलर गेटवर अडवलाय, सीलचा नंबर मॅच होत नाही' हे वाक्य घ्या. ट्रेलर, गेट, सील, नंबर, मॅच: नामं आणि कामाचे शब्द बंदराच्या इंग्रजीतले. पण 'वर', 'चा', 'होत नाही' हे सांधे मराठीच राहतात. गेटच्या आधी इंग्रजी 'अॅट' लावून बाकी वाक्य मराठीत चालवणारा ड्रायव्हर तुम्हाला सापडणार नाही. जोशींचं म्हणणं असं की मिसळीतही एक भाषा घर बांधते आणि दुसरी पाहुणी म्हणून येते. घराचे खांब, म्हणजे प्रत्यय आणि साहाय्यक शब्द, पाहुणी बदलू शकत नाही. ज्याला आपण भेसळ म्हणून नाक मुरडतो त्यालाही नियम आहेत, आणि ते नियम एका पुणेकराने परिषदेत मांडले. तिथून भाषामिश्रणावरच्या पुढच्या कामाला वाट मिळाली.

इथेच मोठ्या बक्षिसांबद्दलचं माझं मत सांगून टाकतो. ती उशिरा येतात. जोशींना रुमेलहार्ट मिळाला तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. तरुणाने अशा यादीकडे वाचनाची यादी म्हणून पाहावं: पंचवीस वर्षांत या शाखेने कुणाला मोठं मानलं ते त्यातून कळतं. तरुणांसाठी खरी बक्षिसं खालच्या पायरीवर आहेत. कॉग्निटिव्ह सायन्स सोसायटीच्या परिषदेत विद्यार्थ्याच्या सर्वोत्तम निबंधाला मार पुरस्कार असतो. पस्तिसाव्या वर्षी गेलेल्या डेव्हिड मार यांच्या नावाने. डॉक्टरेटच्या प्रबंधांसाठी ग्लुश्को पुरस्कार आहेत, वर्षाला पाचपर्यंत, प्रत्येकी दहा हजार डॉलर. या परिषदेचा एक रिवाज लक्षात ठेवण्याजोगा आहे: निबंध म्हणून मांडायचं तर नुसता गोषवारा पाठवून भागत नाही, सहा पानांचा पूर्ण निबंध परीक्षकांकडे जातो आणि नाकारला जातो तेव्हा कारणांसकट नाकारला जातो. नाकारलेल्या निबंधावरची ती दोन-तीन पानं फुकटची शिकवणी असते.

सभासदत्वाचं म्हणाल तर त्यात गूढ काही नाही. सायकॉनॉमिक सोसायटी १९५९ मध्ये निघाली, कारण अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये व्यवसाय करणाऱ्यांचा आवाज वाढून प्रयोग करणाऱ्यांना जागा उरली नव्हती. १९८८ मध्ये असोसिएशन फॉर सायकॉलॉजिकल सायन्स निघाली, तीही बरीचशी त्याच कारणाने. अशा संघटनांत विद्यार्थ्यांचं शुल्क कमी असतं. नियतकालिकं, परिषदेच्या नोंदणीत सूट, प्रवासासाठी छोटी अनुदानं आणि काही बक्षिसांसाठी अर्ज करायचा हक्क, एवढं पदरात पडतं. परिषदेला जाणार नसाल तर पैसे भरू नका, इतकं साधं गणित.

भारतातलं चित्र विस्कळीत आहे. इंडियन सायकॉलॉजिकल असोसिएशन १९२४ ची; नॅशनल अकॅडमी ऑफ सायकॉलॉजी १९८९ ची. दोन्ही सर्व मानसशास्त्राच्या, त्यात बोधनिक शाखा एका सत्रापुरती. खास या शाखेसाठी अलाहाबाद विद्यापीठात २००२ मध्ये वर्तन आणि बोधविज्ञान केंद्र उभं राहिलं. हैदराबाद, गांधीनगर, कानपूर इथे विभाग आले. भारतातल्या बोधविज्ञान संघटनेची वार्षिक परिषद दर वर्षी वेगळ्या संस्थेत भरते आणि गोव्यातही भरून गेली आहे. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये बोधविज्ञान संशोधनाची स्वतंत्र योजना काढली. तिच्यातून प्रकल्पांना, डॉक्टरेटनंतरच्या फेलोशिपना आणि कार्यशाळांनाही पैसा मिळतो.

महाराष्ट्राचा वाटा बोधविज्ञानाच्या या केंद्रांहून आणि योजनांहून जुना आहे. पुणे विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राची परंपरा प्रा. कोठुरकरांनी रुजवली, अध्ययन आणि स्मृतीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९८५ मध्ये आलं. पुण्यातच ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून बुद्धीच्या घटकांवर काम केलं. आणि न्हावा शेव्याहून लोकलने जाता येईल अशा अंतरावर, मानखुर्दला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत त्यांनी प्रयोग केले, आणि मराठी विज्ञान-पुस्तकांची भाषा सोपी केली की मुलांच्या आकलनावर काय परिणाम होतो, हे तपासलं. हे बोधनिक मानसशास्त्रच, पण तसा फलक लावला नव्हता म्हणून त्या शाखेच्या इतिहासात त्याची नोंद सहसा होत नाही. या केंद्राची 'एपिस्टीम' ही आंतरराष्ट्रीय परिषद-मालिका २००४ मध्ये गोव्यात सुरू झाली. आकलन, रेखाचित्रातून विचार, शरीराच्या हालचालीतून गणित अशा विषयांना तिथे हक्काची जागा आहे. परदेशाचं तिकीट काढण्याआधी आपल्या विद्यार्थ्याने हे दार ठोठवावं.

मराठीत करण्यासारखं काय काय पडून आहे, त्याचा एक नमुना. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहितात, उच्चार मात्र नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर प्रयोग करून दाखवलं की अशा शब्दांना वाचायला जास्त वेळ लागतो आणि चुकाही जास्त होतात. उरणच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या वर्गात घड्याळ आणि शब्दांच्या चिठ्ठ्या घेऊन हाच प्रयोग मराठीत करता येईल. घरी आगरी बोलणाऱ्या आणि पुस्तकात प्रमाण मराठी वाचणाऱ्या मुलांवर केला तर त्यात नवा प्रश्न मिळतो, जो पहिल्या प्रयोगात नव्हता.

पैशाचा मार्ग थोडक्यात. नेट उत्तीर्ण होऊन जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार. ती हुकली तर राज्याच्या संस्था आहेत: बार्टी, सारथी आणि महाज्योती. महाज्योतीची महात्मा फुले संशोधन फेलोशिप इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी आहे, म्हणजे या पट्ट्यातल्या आगरी घरांतल्या मुलामुलींसाठी थेट. ज्यांच्या जमिनींवर हे बंदर आणि नवी मुंबई उभी राहिली, ज्यांच्या गावांनी १९८४ च्या जानेवारीत जमिनींसाठीच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच माणसं गमावली, त्यांच्या तिसऱ्या पिढीला बंदरावर संशोधन करायला सरकारी पैसा मिळावा, यात मला एक न्याय दिसतो. परदेशी परिषदेत निबंध स्वीकारला गेला तर प्रवासखर्चासाठी केंद्राची योजना आहे. पूर्वी ती एसईआरबीकडे होती, आता राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे. सामाजिक बाजूने जाणाऱ्यांना आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र कालिन्यालाच आहे. आणि पदवीच्या वर्गातल्या पोरांसाठी 'आविष्कार': आधी विद्यापीठात, मग राज्यात, सगळ्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. परीक्षकांसमोर पोस्टर लावून पाच मिनिटांत आपला प्रश्न सांगायचा. यातून जे शिकायला मिळतं ते कुठल्याही पेपरात नाही.

याच्या उलट बाजूलाही बाजार भरलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत अध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजण्याची पद्धत आली आणि त्यानंतर राज्यभर एकदिवसीय 'आंतरराष्ट्रीय' परिषदांचं पीक आलं. दुपारच्या जेवणाआधी चाळीस निबंध, प्रत्येकाला पाच मिनिटं, अध्यक्षांचं लक्ष घड्याळाकडे. दर्जेदार नियतकालिकांची केअर यादी आयोगाने काढली, आणि २०२५ मध्ये स्वतःच मागे घेतली. आता 'सर्वोत्कृष्ट संशोधक पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा' असा ईमेल न आलेला प्राध्यापक विरळा. ओळखायची खूण एकच: बक्षीस घ्यायला पैसे मागितले की ते विकत घेतलेलं असतं. परिषदेची परीक्षा करायची तर मागच्या वर्षी किती निबंध नाकारले ते विचारा. आकडा सांगत नसतील, तर कुणालाच नाकारलं नसणार.

राहता राहिलं बंदर. लोकांना ठाऊक नसतं, पण बक्षिसं, परिषदा आणि सभासदत्व या तिन्ही गोष्टी देणारी एक जुनी संस्था न्हावा शेव्याच्याच लोकल मार्गावर आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषद, स्थापना ४ मार्च १९६६, मुख्यालय बेलापूर. तिचे सभासद कारखाने आणि आस्थापना असतात. गोदीतल्या सुरक्षेची तपासणी १९८६ च्या गोदी कामगार कायद्याने ज्या केंद्रीय महानिदेशालयाकडे आली, त्याचीच केंद्रीय श्रम संस्था सायनला आहे आणि तिथे औद्योगिक मानसशास्त्राचा वेगळा विभाग आहे. याच महानिदेशालयामार्फत १९६५ पासून विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार दिले जात आले आहेत, ते कामगारांनी केलेल्या सूचनांसाठी. गोदी कामगारही त्यात बसतो. आरटीजी क्रेनच्या केबिनमध्ये वाकून, पायांखालच्या काचेतून पेटीचे चार कोपरे जुळवणारा ऑपरेटर रात्री तीन वाजता काय पाहतो आणि काय त्याच्या नजरेतून सुटतं, हे मॅकवर्थच्या घड्याळाइतकंच मोलाचं ज्ञान आहे. देशात कामगाराच्या सुचलेल्या युक्तीला बक्षीस देणारी जागा आहे, आणि विद्यार्थ्याच्या प्रयोगाला बक्षीस देणारीही आहे. या दोघांची गाठ पडेल अशी परिषद मात्र क्वचित. श्रमशास्त्रज्ञांची भारतीय संघटना आणि तिची 'मानवीय काम' या विषयावरची वार्षिक परिषद हे त्यातल्या त्यात जवळचं ठिकाण. तिथे अभियंते आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ जास्त, मानसशास्त्राचे विद्यार्थी कमी.

चुकीची किंमत या किनाऱ्याने पाहिलेली आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा शेव्याहून निघालेलं एमएससी चित्रा हे जहाज आणि मुंबई बंदराकडे येणारं खलिजिया-३ यांची टक्कर झाली, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, तेल किनाऱ्याला लागलं आणि दोन्ही बंदरांचा जलमार्ग काही दिवस बंद राहिला. जहाजावर खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी हा नियम आंतरराष्ट्रीय करारात आहे. ती विश्रांती कागदावर किती आणि पापण्यांवर किती, हा विषय न्हाव्यात १९१० पासून खलाशी घडवणाऱ्या रहमान प्रशिक्षण संस्थेच्या आवारात बसून अभ्यासता येण्याजोगा आहे.

म्हणून उरणच्या एखाद्या मुलीने पावसाळ्यात रात्रपाळीच्या चेकरांवर छोटा अभ्यास केला, किती नंबर चुकतात, पाळीच्या कुठल्या तासात चुकतात, कुठली अक्षरं कानाला फसवतात, तर तिच्यासमोर वर्षाची आखणी अशी येते: हिवाळ्यात आविष्कारच्या फेऱ्या, त्याच सुमारास बोधविज्ञान संघटनेची परिषद, जानेवारी-फेब्रुवारीत सहा पानी निबंध कॉग्निटिव्ह सायन्स सोसायटीकडे, आणि ४ मार्चला, सुरक्षा दिनाला, तेच आकडे मराठीत, त्याच टर्मिनलच्या गेटवर, ज्यांच्यावर अभ्यास केला त्या चेकरांसमोर.